उजवा पाय

४ ऑक्टोबर

वन्सं,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पूर्ण करू देत नाही. शिवाय घर दोन खोल्यांचं; इकडे मी बोलले की तिकडे तुमचे दादा पेपरमागून ऐकतात. दुकानात, शिलाईच्या मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर लाल पेन बाजूला ठेवून वाचा.

विषय अर्थात तुमच्या दादांचा. या तपासणीत साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, चालायला सांगितलं, खाण्यावर लक्ष ठेवा म्हणाले. गोळ्या आठवल्या तर घेतात. चालण्याचं काढलं की म्हणतात, "दिवसभर गाडी चालवतो ते काय कमी आहे?" खाण्याचं मी काढलं की, "तू डॉक्टर आहेस का?" आणि डॉक्टरांनी काढलं की, "त्यांना आपल्या घरचं काय माहीत?"

जानेवारीत शाळेच्या बसचालकांची वार्षिक तपासणी आहे. तीत अडकले तर मुलांची बस काढून घेतील आणि डेपोच्या फाटकावर गाड्यांच्या नोंदी करायला बसवतील. त्या सीटवरून उतरवलं तर हा माणूस या दोन खोल्यांत मावायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

कोपऱ्यावरच्या जिममध्ये एक गृहस्थ आले आहेत. पाटीवर 'वेलनेस कोच' लिहिलंय. गोळ्या कायमच्या बंद करून दाखवतो म्हणतात. हे तिथं चकरा मारू लागलेत. मला त्या माणसाचं हसणंच पटत नाही. तुम्ही तर कोच घडवता! जगाच्या भावांना वळण लावता, मग स्वतःच्या भावालाही घ्या की हाताखाली.

तुमची,
वहिनी

११ ऑक्टोबर

वहिनी, नमस्कार.

अक्षर सरळ आहे. मागणी वाकडी आहे. मी दादाची कोच होणार नाही.

आमच्या व्यवसायात नात्यातलं माणूस घेत नाहीत, आणि हा नियम मी वर्गात फळ्यावर लिहिते तो फळ्याच्या शोभेसाठी नव्हे. कोचपुढे माणूस खरं बोलतो, कारण त्या खऱ्यातून समोरच्याला स्वतःसाठी काही मिळवायचं नसतं. मला दादाकडून पुष्कळ हवं आहे. तो जगावा, हे त्यातलं पहिलं. एवढा स्वार्थ असलेल्या बाईनं त्याच्यासमोर तटस्थपणाचा आव आणून बसू नये.

आणखी एक गैरसमज दूर करते. कोच म्हणजे डॉक्टर नव्हे. तो निदान करत नाही, गोळी वाढवत नाही, कमीही करत नाही. तो उपदेशकही नव्हे. उपदेशाला घरात तुम्ही आहात, आणि त्याचा निकाल तुम्हीच कळवला आहे. माणसाला खरोखर काय हवं आहे ते त्याच्याच तोंडून निघेपर्यंत विचारत राहायचं, त्यानं ठरवलेलं त्याच्या हातून पार पडेपर्यंत सोबत करायची, आणि गोष्ट डॉक्टरच्या हद्दीत गेली की त्याच क्षणी डॉक्टरकडे पाठवायचं. जो गोळ्या बंद करण्याची जाहिरात करतो त्यानं पाटीवर माझ्या व्यवसायाचं नाव चोरून लावलं आहे. दादाला त्या जिमची पायरी चढू देऊ नका.

तुमच्या गावातच माझी एक सहकारी काम करते. मी तिला शिकवलं, तिची परीक्षाही मीच घेतली. तिच्यात चूक सापडावी म्हणून मी पुष्कळ शोधलं, सापडली नाही. दादानं तिच्याकडे जावं. माझ्या दोन अटी आहेत. तिथं काय बोलणं झालं हे तुम्ही दादाला विचारायचं नाही. आणि मला तर मुळीच विचारायचं नाही, कारण मलाही ते कळणार नाही.

तुमची नणंद

१८ नोव्हेंबर

वन्सं,

तुमच्या अटी पाळून पाळून माझं पोट फुगलं आहे.

जातात. दर आठवड्याला जातात. बस डेपोत लावली की घरापर्यंत चालत येतात, गोळ्यांची डबी चहाच्या कपाशेजारी आली आहे, आणि परवा स्वतःहून दुसऱ्यांदा भात नको म्हणाले. मी हातातला चमचा खाली ठेवला आणि यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काय बघतेस?"
"ताप आहे का ते."
"मी ठरवलंय."
"तिनं सांगितलं?"
"ती काही सांगत नाही. विचारते नुसती."
"काय विचारते?"
"ते गोपनीय आहे," म्हणाले, आणि मंत्रिमंडळाची बैठक आटोपल्यासारखे हात धुवायला गेले!

इतकी वर्षं या माणसाचे सदरे मी बेतते, खिशात काय असतं ते मला ठाऊक, आणि आता मनात काय आहे ते एका परक्या मुलीला ठाऊक. वाईट वाटतं हो. पण चालतंय ते बरं चाललंय, म्हणून गप्प बसते.

एक गंमत सांगते. मागच्या आठवड्यात डेपोतून चालत आले ते एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा! दारात उभे. मी म्हटलं, "उजवी कुठं दान केलीत?" खाली बघितलं तेव्हा यांना कळलं. शेजारीणबाई आणि मी इतक्या हसलो की हेही हसायला लागले. परत जाऊन शोधून आणली. चौकातच पडली होती.

तपासणीबद्दल यांना काय वाटतंय, तेवढं तुमच्या शिष्येला हळूच विचाराल का? एवढंच.

वहिनी

२२ नोव्हेंबर

वहिनी, नमस्कार.

हळूच नाही आणि मोठ्यानंही नाही. मी तिला विचारणार नाही, आणि विचारलं तर ती सांगणार नाही. सांगितलं तर मी तिला पुन्हा प्रमाणपत्र मिळू देणार नाही. दादाचा भात, डबी आणि चालणं यांतून तुम्हाला दिसतं तेवढंच तुमच्या वाट्याचं आहे. ते कमी नाही.

चपलेचा प्रसंग मात्र मी पुन्हा वाचला. तुम्हाला काही विचारावंसं वाटतं. चप्पल निघाल्याचं दादाला चौकापासून घरापर्यंत कळलं नाही, याबद्दल तुमच्या मनात काय येतं? अशी आणखी एखादी गोष्ट हल्ली दिसली आहे का? त्याबद्दल त्याच्याशी बोलावं असं तुम्हाला वाटतं का, आणि वाटत असेल तर कसं?

मी मुद्दाम यापुढे काही लिहीत नाही. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीचा अर्थ दुरून ठरवू नये, हे मी शिकवते आणि पाळतेही.

तुमची नणंद

६ डिसेंबर

वन्सं,

मी एक गंमत लिहिली, तुम्ही मला प्रश्नपत्रिका पाठवलीत. माझ्या मनात काय येतं म्हणे! माझ्या मनात आलं की चप्पल सैल झाली. मागून पट्टा असलेले सँडल आणले. आता निघत नाहीत. प्रश्न सुटला. किती गुण?

रागावू नका, माझंच चित्त ठिकाणावर नाही. हे पुन्हा गप्प झाले आहेत. तुमच्या शिष्येकडून आले की आधी शीळ घालायचे, आता सरळ आंघोळीला जातात आणि दार लावून बराच वेळ पाय धूत बसतात. "इतकं काय धुता?" म्हटलं, तर "डेपोत चिखल असतो." पावसाचा पत्ता नाही, चिखल कुठला?

त्यात गाडीची कटकट. बसचा ब्रेक जड झालाय म्हणतात, पाय ठेवला की लागतोय की नाही कळत नाही म्हणे. मेकॅनिकनं दोनदा उघडून बघितला. तो म्हणतो ब्रेक नवा असल्यासारखा आहे. मग गेल्या मंगळवारी शाळेच्या फाटकाला बस घासली. मुलं उतरून गेली होती, रंगाचा ओरखडाच काय तो. पण यांनी ते मला सांगितलं नाही. मला फाटकावरच्या वॉचमननं सांगितलं. तुम्ही यांना सांगू नका मी लिहिलं म्हणून.

वहिनी

१० डिसेंबर

वहिनी,

हे पत्र कुरिअरनं तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून होईपर्यंत मशीन थांबवा.

मागच्या पत्रात मी तुम्हाला प्रश्न विचारले. तिथं सांगायला हवं होतं. आता सांगते. ब्रेकमध्ये दोष नाही. दोष पायात असावा. ज्याला चप्पल गळल्याचं कळत नाही त्याला पायाखालचा पेडलही कळत नाही. साखर वाढली की पायाची जाणीव जाऊ शकते, आणि मग तिथं झालेली जखमही माणसाला कळत नाही. मी डॉक्टर नाही. माझं चुकत असेल तर उत्तम, पण ते डॉक्टरला ठरवू द्या. आज त्याचा उजवा पाय तुमच्या डोळ्यांनी तळव्यासकट बघा. त्याला डॉक्टरकडे न्या. तोपर्यंत त्यानं बसच्या सीटवर बसायचं नाही. त्याच्या मागं चाळीस मुलं बसतात.

मी काल त्याला फोन केला. "काही नाही गं, मास्तरीणबाई," म्हणाला आणि ठेवून दिला. नंतर उचलत नाही.

माझ्या सहकारिणीलाही फोन केला. तिला एक शब्द विचारला नाही. आमच्यात तसं करता येत नाही. पण बाहेरची माहिती तिच्या कानावर घालता येते. चप्पल, ब्रेक, फाटक, आणि तो रोज बस काढतो आहे, एवढं सांगितलं. ती "ऐकलं" म्हणाली. त्यापुढे काही नाही. तिला आधी माहीत होतं की नव्हतं, हे तिच्या आवाजावरून मला कळलं नाही. तिला असं मीच शिकवलं आहे, आणि काल पहिल्यांदा मला त्याचा भयंकर राग आला.

पाय बघा. मग मला लिहा.

१२ डिसेंबर

वन्सं,

बघितला.

परवा माझी एक टाचणी हरवली होती. मशीनखाली, गादीखाली, सगळीकडे शोधली. ती यांच्या टाचेत होती. डोक्यापर्यंत आत. भोवती काळंनिळं आणि ओलं. मी म्हटलं, "दुखत नाही का हो?" आणि यांनी मला विचारलं, "काय?"

मी तिथंच फरशीवर बसले आणि तो पाय मांडीवर घेतला.

मग भांडण झालं, असं की शेजारीणबाईंनी खिडकी लावून घेतली. मी म्हटलं डॉक्टर. हे म्हणाले जानेवारीनंतर. डॉक्टरांनी एकदा कागदावर लिहिलं की तपासणीत ते येणारच, आणि मग संपलं. "हळदीनं बरं होतं हे." मी म्हटलं, "आणि मुलं?" तर ओरडले, "एवढ्या वर्षांत एका पोराला खरचटलंय का माझ्या गाडीत?" वन्सं, ओरडताना यांचे डोळे भरले होते.

शाळेला रविवारपर्यंत सुट्टी आहे, तेवढा श्वास मिळाला. सोमवारी गाडी काढणारच म्हणतात. टाचणी काढून मी पट्टी बांधली. त्यापुढे हात लावू देत नाहीत.

आणि तुमच्या शिष्येचं नाव काढू देत नाहीत. काल तिचा फोन आला होता. तेव्हापासून एकच धोशा: "त्या दोघी मिळालेल्या आहेत. तिथं बोललेलं सगळं माझ्या बहिणीच्या घरी जातं. माझं तोंड उघडवून माझीच सीट काढून घेतात." पुन्हा तिच्याकडे पाऊल टाकणार नाही, डॉक्टरकडे तर नाहीच.

मला खरं सांगा. तिनं तुम्हाला सांगितलं का? सांगितलं असेल तर मी काही म्हणणार नाही, देवासारखी धावली म्हणेन. पण यांना मी कोणतं तोंड दाखवू?

वहिनी

१३ डिसेंबर

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहिते. वहिनींना सांगितलं आहे की पाकीट तुझ्या हातात द्यायचं आणि समोर उभं राहायचं.

तिनं मला काही सांगितलं नाही. एक अक्षर नाही. तुझी चप्पल मला वहिनींच्या पत्रातून कळली, ब्रेकही, फाटकही. तू ज्याला गंमत समजलास ते त्यांनी गंमत म्हणून लिहिलं, आणि मी दुरून वाचलं म्हणून मला ते वेगळं दिसलं. माझ्याकडून तिच्याकडे माहिती गेली. तिच्याकडून माझ्याकडे काहीही आलं नाही. ती वाट एकाच बाजूची होती. दोन दिवस मी तिच्यावर चिडले होते, तिनं मला काहीच कसं सांगितलं नाही म्हणून. तू तिच्यावर चिडला आहेस, तिनं सांगितलं म्हणून. आपण दोघांनी मिळून त्या मुलीवर पुरेसा अन्याय केला आहे.

तू तिला काय सांगितलंस हे मला माहीत नाही आणि मी ते विचारत नाही.

आता माझं. सोमवारी तू ती बस काढलीस तर मी शाळेला फोन करीन. हे तुला आधी कळवते आहे, कारण माणसाच्या पाठीमागून करण्याचं हे काम नाही. तू माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल. लहानपणी सायकलवरून मला शाळेत सोडताना उतारावर तू कधीही ब्रेकवरचा हात काढला नाहीस. माझ्या मैत्रिणी तुला भित्रा म्हणायच्या आणि तुला त्याचं काही वाटायचं नाही. त्या माणसाला मी हे लिहिते आहे.

पाय दाखव.

तुझी बहीण

२० डिसेंबर

मास्तरीणबाई,

पाय उशीवर आणि पाठ भिंतीला, अशा थाटात लिहितो आहे. तुझी वहिनी समोर बसून काज करते आहे आणि दर दोन टाक्यांनी माझ्या पायाकडे बघते आहे, पाय पळून जाईल अशा धास्तीनं.

तुझं पत्र मी फाडणार होतो. सायकलवर येऊन थांबलो.

तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो. माझं आहे, मला सांगता येतं. तुझ्या शिष्येला पायाचं मी नोव्हेंबरातच सांगितलं होतं. चप्पल गळली त्याच आठवड्यात. तुझी वहिनी आणि शेजारीण हसत होत्या, मलाही हसायला लागलं, पण मी आतून घाबरलो होतो. घरात सांगितलं असतं तर तुझी वहिनी रडली असती. डॉक्टरला सांगितलं असतं तर त्यानं लिहून घेतलं असतं. म्हणून तिला सांगितलं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे माझ्या हद्दीतलं नाही. डॉक्टरकडे कधी जाता? आणि तोवर गाडी कोण चालवेल?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जातो, आणि रजा टाकली आहे. दोन्ही खोटं. तिनं विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं हा तिचा धंदाच आहे. दर वेळी विचारायची, गेलात का? मी म्हणायचो, डॉक्टर गावाला गेलेत, नंबर लागला नाही, अमुक, तमुक. तुझी वहिनी म्हणते, इतक्या सबबी सुचणारा माणूस वकील व्हायला हवा होता.

मग तू तिच्या कानावर घातलंस. गुरुवारी तिचा फोन आला. आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुम्ही रजेवर नाही आहात हे मला कळलं आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प राहणार नाही, हे पहिल्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं. सोमवारी शाळा उघडण्याआधी तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन." तुझ्या पत्रात तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. कोणी कोणाला शिकवलं ते कळलं.

मी तिला नाही नाही ते बोललो. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "एक विचारू?" मी म्हटलं, विचारण्याशिवाय तुम्हाला येतं काय? तर म्हणाली, "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, ही सीट तुम्हाला कशासाठी हवी. तुम्ही म्हणालात, त्या मुलांना माझ्याइतकं जपून कुणी नेणार नाही म्हणून. अजूनही त्याचसाठी हवी आहे का?"

मी फोन ठेवून दिला. त्याच रात्री तुझ्या वहिनीशी भांडलो ते त्यामुळे. रविवारी शेगडीवर दूध उतू गेलं तरी मी तिथंच उभा होतो, तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि नुसतं म्हणाली, "चला." मी म्हटलं, "चल."

डॉक्टर म्हणाले, जखम आणखी आठवडाभर राहिली असती तर टाच काढावी लागली असती. आता औषधानं भरेल. गेलेली जाणीव परत येईल असं ते सांगत नाहीत. येणार नाही असंही सांगत नाहीत. जानेवारीच्या तपासणीला मी जाणार नाही. डेपोच्या फाटकाला माझं नाव गेलं आहे. तुझी शिष्या पुढच्या आठवड्यात यायचं का म्हणून विचारत होती. "काय बोलणार आता?" म्हटलं. म्हणाली, "ते तुम्ही ठरवा."

सोमवारी सकाळी लवकर, काठी घेऊन, शाळेला सांगून डेपोच्या कार्यालयात किल्ल्या दिल्या. निघून यायला हवं होतं. पण बस फेरीवर निघेपर्यंत फाटकापाशी थांबलो. नव्या पोरानं ती बाहेर काढली. इतक्या वर्षांत मी माझी बस चालताना कधी मागून बघितली नव्हती. बघितली तर उजवीकडचा मागचा दिवा लागत नव्हता. ब्रेक मारला तरी लागत नव्हता. किती दिवस तसा असेल, देव जाणे. आत बसलेल्याला ते दिसत नाही.

मी काठी आडवी धरून रस्त्यात उभा राहिलो. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ काका, कोण तुम्ही?"

"ते नंतर," मी म्हटलं. "आधी खाली उतर आणि तो दिवा बघ."

तो उतरला.

दादा